पहिला शॅमेलिऑन आणि डोंगरकड्याचा उन्हाळा

शॅमेलिऑन पाळायची हौस आता खेड्यापाड्यांतही पोचली आहे, आणि ती पोचवली मोबाइलने. एक डोळा पुढे नि एक मागे फिरवत फांदीवर डुलणारा, स्वतःच्या अंगापेक्षा लांब जीभ फेकून किडा टिपणारा हा सरडा पडद्यावर पाहिला की हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्याच्या शाळकरी मुलालाही वाटतं, आपल्याकडे एक असावा. मग प्रश्न येतो, पहिल्यांदाच पाळायचा तर कोणत्या जातीचा घ्यावा? या प्रश्नाची बहुतेक उत्तरं युरोप-अमेरिकेतल्या घरांसाठी लिहिलेली असतात. तिथे घर तापवावं लागतं. डोंगरकड्यात वैशाखात घर थंड कसं ठेवायचं याची चिंता असते. त्यामुळे हा सगळा विचार इथली हवा, इथली वीज आणि इथला कायदा धरून नव्याने करावा लागतो.

सुरुवात बांधावरच्या सरड्यापासून करू, कारण फुकट मिळणारा म्हणून पहिली नजर त्याच्यावरच जाते. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर आहेत. भारतात मात्र एकच जात सापडते. तिचं शास्त्रीय नाव कॅमेलिओ झेलॅनिकस, आणि आपल्याकडे तिला घोयरा सरडा म्हणतात. दाट पावसाच्या जंगलापेक्षा कोरडं झुडपी रान त्याला मानवतं, त्यामुळे मराठवाड्याची बोरी-बाभळीची कुंपणं आणि पडीक माळ हा त्याचा हक्काचा मुलूख. पावसाच्या तोंडाला ज्याचं डोकं आणि गळा लालभडक होतो आणि ज्याच्या मागे पोरं दगड घेऊन लागतात, तो हा नव्हे. तो बागेतला साधा सरडा, चाहूल लागताच सर्रकन पळणारा. घोयऱ्याला पळणं जमतच नाही. त्याचं अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं असतं, शेपूट आतल्या बाजूला गुंडाळलेली असते, आणि डोळ्यावर खवल्यांचं शंकूसारखं झाकण असून त्याच्या टोकाला बाहुलीपुरतं बारीक भोक असतं. पाय नीट पाहिले तर बोटं दोन जुड्यांत बांधलेली दिसतात. पुढच्या पायात आतल्या बाजूला तीन आणि बाहेर दोन, मागच्या पायात याच्या उलट. सांडशीने पातेलं धरावं तशी त्याची फांदीवरची पकड असते. एक पाऊल उचलतो, ते हवेतच मागेपुढे डोलवतो, मग टेकवतो. वाऱ्याने हलणाऱ्या डहाळ्यांमध्ये ही चाल नजरेला जाणवतच नाही.

हा सरडा उचलून घरी आणायचा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे तो संरक्षित आहे, आणि या कायद्यातली शिकारीची व्याख्या पुष्कळांना माहीत नसते. बंदूक किंवा फासेच लागतात असं नाही. जिवंत पकडणं हीदेखील शिकारच, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं किंवा उकरणं हेही त्यातच मोडतं. 'दोन दिवस खोक्यात ठेवून सोडून देऊ' या म्हणण्याला कायद्यात जागा नाही. मला हा नियम केवळ कायदा म्हणून नव्हे, तर प्राण्याच्या बाजूनेही योग्य वाटतो. रानात वाढलेला शॅमेलिऑन पिंजऱ्यात बहुधा अन्न सोडतो. रानात असताना त्याच्या पोटातले जंत त्याला फारसे जड जात नाहीत, पण भीतीने आणि उपासमारीने अंग खचलं की तेच जीवघेणे ठरतात. घोयरा विषारी आहे या समजुतीने तो आजही मारला जातो. त्याच्याजवळ विष नाही, विषदंतही नाहीत. फार डिवचलं तर तोंड वासून फुसकारतो, चावलाच तर चिमटा बसल्यासारखं वाटतं, इतकंच.

बांधावरचा बाद झाला, म्हणजे पाळण्यासाठी उरतात परदेशी जाती. त्यांत नवशिक्यासमोर साधारण तीन नावं येतात : व्हेल्ड, पँथर आणि जॅक्सन. चौथा सेनेगल शॅमेलिऑन कुठे कुठे स्वस्तात मिळतो, पण तो बहुतेक वेळा आफ्रिकेच्या रानातून पकडून आणलेला आणि जंतांनी पोखरलेला असतो. त्याचा विचार इथेच सोडून द्यावा.

या तिघांची तुलना लोक रंगावरून, शिंगांवरून, किमतीवरून करतात. खरी तुलना करायची ती त्यांच्या मूळ गावच्या हवेवरून. सरड्याच्या अंगात स्वतःची भट्टी नसते. भोवतालची हवा जेवढी गरम, तेवढं त्याचं अंग गरम. रानात तो जागा बदलून हे सांभाळतो. सकाळी अंग काळपट करून चपटी बाजू सूर्याकडे धरतो, ऊब मिळाली की फिका पडतो, ऊन चढलं की पानांच्या आत सरकतो. रंग बदलण्याचं हे मोठं कारण आहे. दुसरं कारण म्हणजे राग, भीती, जोडीदाराला दिलेली खूण. ज्या वस्तूवर बसला तिचा रंग घेतो ही कल्पना चुकीची आहे. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी पँथर शॅमेलिऑनवर काम करून दाखवलं की त्याच्या त्वचेतल्या पेशींमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे मांडलेले असतात. सरडा निवांत असताना ते दाटीने असतात, तेव्हा निळा-हिरवा प्रकाश परततो. तो चिडला की त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि पिवळा-तांबडा प्रकाश परतू लागतो. म्हणून पाळणाऱ्याने रंगाकडे शोभा म्हणून पाहू नये. दिवसभर काळवंडून बसलेला शॅमेलिऑन गारठलेला, घाबरलेला किंवा आजारी असतो.

जॅक्सन शॅमेलिऑन हा केनिया आणि टांझानियाच्या डोंगरउतारांवरचा. नराच्या नाकाडावर तीन शिंगं असल्यामुळे मुलांना तोच पहिल्यांदा आवडतो. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. पण दिवसा पंचवीसेक अंश आणि रात्री चांगला गारवा ही त्याची गरज आहे. हवा तीस अंशांवर काही काळ राहिली की त्याला त्रास सुरू होतो. डोंगरकड्यात फाल्गुनापासून मृग निघेपर्यंत तीस अंश म्हणजे सकाळची हवा. वातानुकूलित खोली आणि कधीही न जाणारी वीज असेल तरच त्याचा विचार करता येईल, आणि त्या खोलीतही तो नवशिक्याचा प्राणी नाही.

पँथर मादागास्करच्या उत्तर आणि पूर्व किनारपट्टीवरचा. तिथल्या प्रत्येक भागातल्या नराचा रंग निराळा असतो. नोसी बे बेटावरचा निळसर-हिरवा, अंबिलोबेकडचा लाल-निळ्या पट्ट्यांचा. इतका देखणा सरडा दुसरा नाही, हे मला मान्य आहे. उन्हाच्या बाबतीत तो जॅक्सनइतका नाजूक नाही, पण त्याला समुद्राकाठची ओल लागते, हवेत साठ-सत्तर टक्के दमटपणा. आषाढ-श्रावणात डोंगरकडा त्याला ती ओल फुकट देईल. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की ओले कपडे वाळत घालून वळेपर्यंत कडक होतात. त्या दिवसांत हा प्राणी सांभाळायचा म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा फवारणी आली. शिवाय तो महाग असतो, आणि शिकताना महागडा जीव हाताशी नसावा.

राहिला व्हेल्ड. शास्त्रीय नाव कॅमेलिओ कॅलिप्ट्रेटस, म्हणजे आपल्या घोयऱ्याचा जवळचा भाऊबंद. येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्येकडच्या डोंगरदऱ्यांतला हा रहिवासी. तिथे दिवसा ऊन, रात्री गारवा, वर्षातून काही महिने पाऊस आणि बाकी कोरडं. डोक्यावर उंच तुरा असतो, पूर्ण वाढलेला नर दीड ते दोन फूट भरतो, आणि नीट सांभाळला तर सहा-सात वर्षं जगतो. इतर शॅमेलिऑन बहुतांशी किडेच खातात, हा थोडा पालाही खातो. पिंजऱ्यात जन्मलेली पिल्लं याच जातीची सर्वांत जास्त मिळतात, आणि चुका सोसण्याची ताकदही त्याच्यात इतरांपेक्षा थोडी अधिक आहे. जगभर नवशिक्याला व्हेल्ड सुचवतात, ते याच कारणांनी. डोंगरकड्यापुरता विचार केला तरी तिघांत तोच बसतो. पण 'तिघांत तोच बसतो' आणि 'डोंगरकड्यात सुखाने राहील' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

व्हेल्डला ऊन शेकायला एक जागा लागते, तिथे तीस-बत्तीस अंश असावेत. बाकी पिंजऱ्यात पंचवीस-अठ्ठावीस आणि रात्री वीसच्या आसपास. थंडीची त्याला फारशी भीती नाही, त्यामुळे आपला हिवाळा तो काढेल. प्रश्न चैत्र-वैशाखाचा आहे. बाहेर पारा बेचाळीसला टेकतो तेव्हा पत्र्याच्या घरात दुपारी काय होतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. रानात चाळीस अंशांतही सरडा तग धरतो, कारण झाडाच्या पोटात, जमिनीजवळ, पानांच्या ओलीत त्याला थंड कोपरा सापडतो. पिंजऱ्यातल्या प्राण्याला तुम्ही ठेवाल तिथेच राहावं लागतं. जुनं माळवदाचं घर असेल तर त्याच्या जाड मातीच्या भिंतींमागे दुपारीही बरंच निभतं. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर तर या कामाला फारच चांगला, कारण तो हवा गार करतो आणि ओलही वाढवतो, आणि शॅमेलिऑनला नेमकं दोन्ही हवं असतं. फक्त कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. पण वळवाच्या वादळात तारा तुटल्या आणि दिवसभर वीज आली नाही, तर काय? इन्व्हर्टरवर कूलर किती तास चालेल? याचं उत्तर प्राणी आणल्यानंतर शोधायचं नसतं.

म्हणून माझा आग्रह असा, की पिंजरा आधी आणा, प्राणी नंतर. बाजारात साध्या किमतीला तापमान आणि दमटपणा दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र मिळतं. दिवसभरातलं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान त्यात राहतं. रिकाम्या पिंजऱ्यात कुंड्या मांडून, पाण्याची सोय करून एक पूर्ण उन्हाळा तो चालवून पाहायचा आणि रोजचे आकडे वहीत लिहायचे. मेमध्ये सलग आठवडाभर दुपारचा आकडा पस्तिशीच्या वर जात असेल, तर त्या घरात व्हेल्डही नको. इतका धीर ज्याला धरवेल त्याच्याकडे शॅमेलिऑन बहुधा जगेल. ज्याला तो धरवत नाही त्याने दुसरा छंद निवडावा.

पिंजरा काचेचा नको, जाळीचा हवा, कारण कोंडलेली दमट हवा याच्या फुप्फुसांना सोसत नाही. एका मोठ्या नरासाठी दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच एवढी जागा किमान लागते. उंची महत्त्वाची, कारण माणसाच्या नजरेच्या वर बसायला मिळालं की तो निवांत होतो. आत जिवंत झाड ठेवायचं. व्हेल्ड पानं चघळतो, त्यामुळे झाड निवडताना जपायला हवं. जास्वंद उत्तम, तिची पानं-फुलं तो आवडीने खातो. कण्हेर मात्र आपल्याकडे दारोदारी असते आणि ती जहर आहे. रुईही तशीच. या दोन्हींची डहाळी चुकूनही आत जाता कामा नये. आणि एका पिंजऱ्यात एकच शॅमेलिऑन. जोडी ठेवली म्हणजे करमेल हा माणसाचा विचार झाला. हा एकट्याने राहणारा प्राणी आहे, समोर दुसरा दिसत राहिला तरी तो खंगतो. आरशापासूनही लांब ठेवायचा.

पाण्याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण पहिल्या वर्षी दगावणारे कितीतरी शॅमेलिऑन तहानेने जातात, तेही समोर पाण्याची वाटी असताना. वाटीतलं स्थिर पाणी त्याला पाणी म्हणून ओळखूच येत नाही. रानात तो पानांवरचं दव आणि पावसाचे थेंब पितो. थेंब हलला, चमकला, पानाच्या टोकाला लोंबला की तो मान पुढे करतो, आधी जिभेच्या टोकाने अंदाज घेतो आणि मग सावकाश, डोळे अर्धवट आत ओढून, एकेक थेंब चाटत राहतो. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. मध्येच कुणी जवळ गेलं तर पिणं थांबवतो आणि कधी कधी त्या दिवशी पुन्हा पीतही नाही. म्हणून सकाळी आणि संध्याकाळी पानांवर बारीक फवारा मारायचा आणि दिवसा संथ ठिबक चालू ठेवायचं. त्यासाठी खास यंत्राची गरज नाही. मेडिकल दुकानात मिळणारा सलाइनचा कोरा सेट पाण्याच्या बाटलीला जोडून वर टांगला, चाकाने धार थेंबावर आणली आणि थेंब जास्वंदीच्या पानावर पडतील असा धरला, की काम झालं. खाली थाळी ठेवायची. बोअरचं जड पाणी पानांवर पांढरे डाग धरतं, तेव्हा गाळलेलं गोडं पाणी बरं. पाणी पुरतंय की नाही हे त्याच्या विष्ठेवरून कळतं. तिच्यासोबत येणारा घट्ट भाग पांढरा असेल तर ठीक. तो गडद नारिंगी झाला किंवा डोळे खोल गेले, तर प्राणी तहानलेला आहे.

प्रकाशाच्या बाबतीत डोंगरकडा नशीबवान आहे. हाडांसाठी लागणारं ड जीवनसत्त्व शॅमेलिऑन सूर्यप्रकाशातल्या अतिनील-ब किरणांच्या मदतीने आपल्या कातडीत तयार करतो. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात, कोपरं वाकतात, जबडा लिबलिबीत होतो, आणि एक दिवस फांदीवरची पकड सुटते. थंड देशांत यासाठी महागड्या नळ्या लावतात आणि त्यांचा दम संपला की बदलतात. इथे कार्तिक ते माघ सकाळचं ऊन भरपूर आहे. पिंजरा तास-दीड तास अंगणात ठेवायचा, निम्मा भाग सावलीत राहील असा, आणि मांजर-कावळ्यांवर लक्ष ठेवायचं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन मात्र या कामाचं नाही, काच ते किरण अडवते. उन्हाळ्यात हीच गोष्ट ऊन तापायच्या आत उरकायची. पावसाळ्यात आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही, म्हणून एक अतिनील-ब नळी घरात असलीच पाहिजे.

खाण्याचं काम खर्चाचं कमी आणि कष्टाचं जास्त. रातकिडे आणि नाकतोडे हा त्याचा मुख्य आहार. जिभेचा फटका डोळ्यांना दिसतही नाही इतका वेगवान असतो. तोंडाच्या तळाशी असलेल्या एका हाडाभोवती लवचीक तंतूंची वेटोळी स्नायूने दाबून ठेवलेली असतात, ती सुटली की जीभ बाहेर फेकली जाते. टोकाची लाळ माणसाच्या थुंकीच्या सुमारे चारशे पट चिकट असते, असं २०१६ मध्ये मोजलं गेलं. पण रोज ताजे किडे आणणार कुठून? शेतातून, असं सहज तोंडात येतं, आणि नेमकं तेच करायचं नाही. कापूस, सोयाबीन, केळी, हळद, कोणत्याही पिकावर फवारणी झालेली असते. औषध पोटात असलेला नाकतोडा सरड्याच्या पोटात गेला की तेच औषध त्याला मारतं. काजवा तर कधीच द्यायचा नाही, त्याच्या अंगातच विष असतं. म्हणजे घरीच टोपलीत रातकिडे वाढवायचे, त्यांना गाजर, शेवग्याचा पाला, भोपळा खाऊ घालायचा, कारण किड्याच्या पोटात जे असेल तेच सरड्याला मिळतं. देताना त्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. लहान पिल्लाला रोज, मोठ्याला एक दिवसाआड. दोन दिवस गावाला जायचं तर हे सगळं कोण करणार, हे घरात आधी ठरलेलं असावं.

नर घ्यायचा की मादी? पहिला असेल तर नरच. व्हेल्डची मादी नराशिवायही अंडी धरते, एका वेळी वीस-तीस, कधी साठ-सत्तर. त्यासाठी तिला फूटभर खोल ओलसर वाळू-मातीची बादली पिंजऱ्यात द्यावी लागते. ती मिळाली नाही, किंवा उकरताना कुणी डोकावत राहिलं, तर ती अंडी पोटातच अडवून धरते आणि मरते. अनुभवी माणसालाही हा प्रसंग अवघड जातो. सुदैवाने या जातीत नर-मादी ओळखणं सोपं आहे. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हापासून नराच्या मागच्या पायाच्या टाचेवर मांसाचा बारीक उंचवटा असतो. पिल्लू फांदीवर असताना मागून पाहायचं, हातात घ्यायची गरजही पडत नाही. टाच सपाट असेल तर मादी. विकणारा काहीही म्हणो, टाच पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. त्याच वेळी आणखी काही गोष्टी बघून घ्यायच्या. पिल्लू निदान तीन महिन्यांचं असावं, दिवसा दोन्ही डोळे उघडे आणि फिरते असावेत, पाय सरळ असावेत, आणि तुमच्यासमोर त्याने किडा टिपून दाखवावा. भर दिवसा डोळे मिटून बसणारा शॅमेलिऑन गरीब स्वभावाचा म्हणून विकला जातो. तो आजारी असतो.

कागदपत्रांची बाजू लोकांना नकोशी वाटते, पण ती टाळता येत नाही. व्हेल्ड, पँथर, जॅक्सन हे तिन्ही आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापारावरच्या साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या वन्यजीव कायद्यात अशा परदेशी प्राण्यांसाठी वेगळी चौथी अनुसूची आली, आणि २०२४ च्या नियमांनी असा प्राणी बाळगणाऱ्याला सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली. नव्याने घेतला तर तीस दिवसांत. पुढे पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. विकणाऱ्याकडे त्या प्राण्याची स्वतःच्या नावावरची नोंद नसेल, तर तो प्राणी बहुधा सुटकेसमधून आलेला. बँकॉकहून येणाऱ्या सामानात मोज्यांत आणि डब्यांत कोंबलेले सरडे-साप मुंबई आणि चेन्नईच्या विमानतळांवर वारंवार पकडले जातात. त्या प्रवासात मेलेल्यांचा हिशोब कुणी ठेवत नाही. बिनकागदी शॅमेलिऑन विकत घेणारा त्या धंद्याला पुढच्या खेपेचे पैसे देत असतो. कुरिअरने पाठवतो म्हणणाऱ्यालाही नकारच द्यावा.

आजारपणाचाही विचार आधीच करायचा. गाईगुरांचे डॉक्टर गावोगाव आहेत, परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण सरड्याच्या तोंडात नळी घालून औषध देणं, त्याचं हाड एक्स-रेवर वाचणं हे वेगळं कौशल्य आहे आणि त्याचा सराव असलेले डॉक्टर पुण्या-मुंबई-हैदराबादसारख्या शहरांतच भेटण्याची शक्यता जास्त. शॅमेलिऑन आजार शेवटपर्यंत लपवतो, लक्षण दिसलं तेव्हा हाताशी थोडेच दिवस असतात. कंटाळा आला म्हणून रानात सोडणं हा तर सर्वांत वाईट मार्ग. १९७२ मध्ये हवाईत पाळण्यासाठी आणलेले काही जॅक्सन शॅमेलिऑन मोकळे सुटले, आणि आज त्या बेटांवर ते पसरून तिथल्या मूळच्या दुर्मीळ गोगलगायी आणि किडे फस्त करत आहेत. येमेनची हवा सोसणारा व्हेल्ड मराठवाड्याच्या झुडपांत मोकळा सुटला, तर आपल्या घोयऱ्याच्याच ताटात वाटेकरी येईल.

सगळं जमेला धरून माझं मत सांगतो. माळवदाचं किंवा नीट थंड राहणारं घर, कूलर आणि विजेची पर्यायी सोय, घरात रातकिडे वाढवायची तयारी, कागदांसह पिंजऱ्यात जन्मलेला तीन महिन्यांवरचा नर, आणि एक उन्हाळा भरून वहीत लिहिलेले आकडे, एवढं असेल तर डोंगरकड्यात व्हेल्ड पाळता येईल. यातली एक जरी गोष्ट कमी असेल तर पाळू नये. आणि हे सगळं असूनही तो कुत्र्यासारखा अंगाखांद्यावर खेळणार नाही. हातात घेतलेला त्याला आवडत नाही, तो फक्त बघायचा प्राणी आहे. तेव्हा ज्याला खरोखर शॅमेलिऑन बघायचाच आहे, त्याला मी घोयऱ्याकडे वळवेन, कारण इथली हवा ज्याला जन्मापासून मानवते असा शॅमेलिऑन या मुलखात आधीपासून आहे.

त्याला शोधायची वेळ रात्रीची. दिवसा पानांत तो समोर असून दिसत नाही. रात्री मात्र तो फांदीच्या अगदी टोकाला जाऊन झोपतो, कारण तिथे साप किंवा कुणी चढलं की डहाळी हलते आणि त्याला जाग येते. झोपेत त्याचा रंग फिका, जवळजवळ पिवळट-पांढरा होतो आणि विजेरीच्या झोतात दुरूनच उठून दिसतो. पावसाळ्याच्या दिवसांत, मोठ्या माणसासोबत, पायात बूट घालून, बांधाच्या कडेकडेने चालत बोरी-बाभळीच्या शेंड्यांवर झोत फिरवायचा. घोणस-मण्यारही याच वेळी बाहेर असतात, म्हणून आधी पायाखाली पाहायचं आणि मग वर. सापडला की हात लावायचा नाही, फांदी वाकवायची नाही, झोत डोळ्यांवर धरून ठेवायचा नाही. जागा लक्षात ठेवून सकाळी ऊन यायच्या आधी परत गेलं, तर तो काळा पडत ऊब घेताना आणि मग हळूहळू हिरवा होताना दिसतो. बांध पेटवायचे दिवस आले की अशा झाडांचा एवढा पट्टा सोडून द्या, असं शेताच्या मालकाला सांगावं. अंडी घालायला मादी जमिनीवर उतरते आणि तेव्हा रस्ता ओलांडताना चाकाखाली येते. ती दिसली तर समोर काठी धरायची, ती आपोआप काठीवर चढते, आणि ज्या दिशेला निघाली होती त्याच बाजूच्या झुडपात तिला उतरवायचं. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा.

आणि जे पाहिलं ते लिहून ठेवायचं. तारीख, वेळ, कोणतं झाड, जमिनीपासून किती उंचीवर, पाऊस झाला होता की नाही, आणि एक फोटो. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. गावात कोणती झाडं, पिकं, पक्षी, प्राणी आहेत त्याची ती गावाची स्वतःची नोंद. घोयऱ्याची नोंद तिथे असेल तर त्यात भर घालता येते, नसेल तर शाळेतल्या मुलांनी शिक्षकांसोबत ग्रामपंचायतीत जाऊन ती करून घ्यावी. नोंदवहीत जागा शेताच्या गटापुरतीच लिहावी, नेमकं झाड लिहू नये, म्हणजे पकडून विकणाऱ्याला पत्ता मिळत नाही.